पुडीतल्या गोळीचं नाव

माझे बाबा तहसीलदाराला त्याच्या तोंडावर चोर म्हणू शकतात, पण 'लघवी' हा शब्द त्यांना घरात उच्चारता येत नाही. त्यामुळे त्यांना लघवीचा त्रास होतोय हे आम्हाला कळायलाच जवळजवळ वर्ष गेलं. झोपेतून तीनतीनदा उठून ते मागच्या दाराने बाहेर जायचे. आई विचारायची, "कुठं चालले?" तर म्हणायचे, "बगून येतो." काय बघून येतात हे आईने विचारलं नाही. तिला वाटलं, माणूस साठीच्या पुढे गेला की कोंबड्यांची काळजी करायला लागतो.

बिंग फुटलं ते सभेत. टोकावड्याच्या पुढे एका वाडीवर पाण्याच्या प्रश्नावर सभा होती. आमच्या भागातली धरणं शहरांची तहान भागवतात आणि आमच्या वाड्यांवर टँकर येतो, हा बाबांचा आयुष्यभराचा विषय. भाषण ऐन रंगात आलं असताना त्यांनी माईक एका कार्यकर्त्याच्या हातात कोंबला आणि ते ऐनाच्या झाडामागे पळाले. कार्यकर्त्याला वाटलं, पोलीस आले. त्याने जोरात घोषणा दिली. पुढे बसलेल्या बायका उठल्या, मागची पोरं पळाली, आणि बाबा झाडामागून पायजम्याची नाडी बांधत परत आले तेव्हा समोर तीन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा उरला होता.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "बाबा, काय होतंय?"

"काय नाय."

"मग झाडामागे काय होतं?"

"निसर्ग," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी सव्वीस वर्षांची आहे आणि मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः घ्यावं. लोकांच्या घरात धान्याच्या कणग्या असतात तशी आमच्या खाटेखाली बाबांच्या पत्रकांची बंडलं होती. वनहक्काची, रेशनची, धरणाची, एसटी वेळेवर सोडा म्हणून काढलेली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली, त्यांचीच वह्यांना कव्हरं घातली, त्यांतच बांधलेली भाकरी शाळेत खाल्ली. माझी भाकरी बहुतेक 'जाहीर निषेध' या मथळ्यात बांधलेली असे. सगळ्या गोष्टी स्पष्ट बोलाव्यात, कुठलाही विषय घाणेरडा नसतो, हे मी बाबांच्याच पत्रकांतून शिकले. त्यामुळे त्या आठवड्यात मीच त्यांना स्पष्ट सांगितलं, की उद्या आपण कल्याणला लघवीच्या डॉक्टरकडे चाललोय. ते आईकडे बघून म्हणाले, "पोरीला काय लाज हाय का नाय?" आई म्हणाली, "तुमच्याकडनंच शिकलीय."

कल्याणच्या डॉक्टरने रक्त तपासलं. प्रोस्टेट नावाची ग्रंथी सुजली की तिच्यासाठी रक्तात जो आकडा बघतात तो बाबांचा वाढलेला होता. कॅन्सर असेल, नसेलही. खात्री करायची तर ग्रंथीचे तुकडे काढून तपासायचे, म्हणजे बायोप्सी. डॉक्टर तरुण होता, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा.

"काका, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "मागून मशीन आत टाकणार आणि सुईने बारा छोटे पीस घेणार. पंधरावीस मिनिटांचं काम."

"मागून म्हंजे?"

डॉक्टरने बोटाने दिशा दाखवली. बाबांनी आयुष्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यात, दोनदा कोठडीत बसलेत, पण त्या बोटाकडे बघताना त्यांचा जो चेहरा झाला तसा मी कधीच पाहिला नव्हता.

"ही घुसखोरी झाली," ते म्हणाले.

"तुमची लेखी संमती घेतो ना काका."

मग डॉक्टरने धोका समजावला. समजावला हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते त्याने सांगितलं नव्हतं म्हणून झालं नाही. तो म्हणाला, सुई ज्या वाटेने आत जाते तिथे जंतू असतातच, सगळ्यांच्याच असतात. सुईबरोबर थोडे जंतू रक्तात, लघवीत जाऊ शकतात. म्हणून आधी अँटिबायोटिक गोळी देतात. बहुतेकांना काहीच होत नाही. पण कोणाला झालं तर फार वेगाने वाढतं, रक्तात विष भिनतं, म्हणून ताप आला की घरी बसायचं नाही, सरळ इकडे यायचं.

बायोप्सीच्या दिवशी सकाळी नर्सने एक फॉर्म आणला. बाबांच्या चष्म्याची दांडी तुटलेली होती म्हणून फॉर्म मी भरला. डायबेटीस? नाही. रक्त पातळ होण्याची गोळी? नाही. गेल्या काही महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली का?

"असली औषधं मी घेत नाय," बाबा म्हणाले. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण बाबांनी नर्सला औषध कंपन्यांच्या नफेखोरीवर पाच मिनिटं ऐकवलं. ती बिचारी ब्लड प्रेशर मोजायचा पट्टा हातात घेऊन उभी राहिली. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. माझ्या पेनाने, माझ्या हाताने.

इथे पुडीबद्दल सांगायला हवं.

आमच्या गावात एक डॉक्टर आहे. त्याच्या पाटीवर नावापुढे बरीच अक्षरं आहेत, ती कशाची हे आजवर कोणी विचारलेलं नाही. पावसाळ्यात जिथे एसटी जात नाही त्या वाड्यांवर हा माणूस मोटारसायकल चिखलात ढकलत जातो, म्हणून त्याला काही विचारणं बरं वाटत नाही. बाबांचा तो जुना दोस्त. प्रत्येक मोर्चाला हा मागे प्रथमोपचाराची पेटी घेऊन चालतो. त्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या बरण्या असतात. तुम्ही खोकलात की तो दोनतीन बरण्यांतून गोळ्या काढतो, कागदाच्या चौकोनी तुकड्यांत घालतो आणि सराईत बोटांनी पुड्या बांधतो. सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळीला नाव नसतं. पांढरी असते, पिवळी असते, लांबट असते.

त्या पुड्यांचा कागद म्हणजे बाबांचीच उरलेली पत्रकं. बाबा स्वतः बंडलं नेऊन देतात. 'आरोग्य हा आमचा हक्क आहे' या ओळीत बांधलेल्या गोळ्या मी लहानपणापासून खात आलेय.

आणि पुडी म्हणजे औषध, असं आमच्याकडे कोणी धरत नाही. औषध म्हणजे मेडिकलमधून चकचकीत पाकिटातून येतं ते, सलाइन म्हणजे औषध, ऑपरेशन म्हणजे औषध. पुडी ही चहासारखी असते. नर्सने "चहा घेता का?" असं विचारलं असतं तर बाबा खोटं बोलले नसते.

बायोप्सी झाली. मी बाहेरच्या बाकावर होते, दार पातळ होतं. आतून टक्, टक् असा आवाज येत होता, सरकारी कचेरीत निवेदनाला पिना मारतात तसा. बारा वेळा. बाबा बाहेर आले ते फार सावकाश, आणि बसले नाहीत.

"कसं झालं?" मी विचारलं.

"बारा पिना मारल्या," ते म्हणाले. "पोच मात्र दिली नाय."

पोच म्हणून हॉस्पिटलने एक घडीपत्रक दिलं होतं. बायोप्सीनंतर घ्यायची काळजी. भरपूर पाणी प्या, दोनतीन दिवस लघवीतून थोडं रक्त जाईल, घाबरू नका. त्याखाली ठळक अक्षरांत होतं, की थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा चक्कर आली तर वाट न बघता लगेच हॉस्पिटलमध्ये या. खाली फोन नंबर. घरी आल्यावर बाबा एका कुशीवर आडवे झाले, त्यांनी लाल पेन मागितलं आणि त्या पत्रकावर काम सुरू केलं. पहिलं वाक्य दुसऱ्या जागी नेलं, तापाचं खालून सगळ्यांत वर. 'रुग्ण' खोडून 'माणूस' केलं. 'घाबरू नका' कापलं आणि बाजूला लिहिलं, 'हे म्हटलं की लोक घाबरतात'. तासाभराने पत्रक खरंच वाचण्यासारखं झालं होतं. एवढं बारकाईने ते पत्रक आजवर कुठल्याच पेशंटने वाचलं नसेल.

हे मंगळवारी. बुधवारी ठीक होते. दिलेली गोळी वेळेवर घेतली, भात जेवले, तिघांना फोन करून शिव्या दिल्या. गुरुवारी सकाळी अकराला मुरबाडला तहसील कचेरीवर पाण्यासाठी धरणं होतं. पत्रक बाबांचं, भाषण बाबांचं.

गुरुवारी सकाळी सातला आईने मला हाक मारली. बाबा ओटीवर दोन गोधड्या घेऊन बसले होते आणि खाट वाजत होती. खाट वाजत होती म्हणजे ते इतके कापत होते की खाटेचे सांधे आवाज करत होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, शेतात भात पिवळं पडायला लागलेलं, आणि हा माणूस दात वाजवतोय.

मी शेजारून थर्मामीटर आणला. एकशे तीन.

"बाबा, उठा. कल्याणला जायचं."

"मुरबाडला जायचाय मना."

"बाबा, त्या पत्रकात काय लिहिलंय? थंडी वाजून ताप आला तर लगेच या. तुम्हीच ते वाक्य वर नेलंत!"

त्यांनी गोधडीतून डोकं बाहेर काढलं. ओठ निळसर दिसत होते, पण माझ्या अडाणीपणाची कीव करायला तेवढी शक्ती उरली होती.

"अगो, पत्रकात जरा जोर लावूनच लिवतात. मी नाय लिवत? 'परिणामांची जबाबदारी प्रशासनावर राहील' आसा लिवला म्हणून कवा काय परिणाम झाले?"

तीस वर्षं जो माणूस 'तीव्र आंदोलन छेडू' असं लिहून संध्याकाळी घरी येऊन भाकरी खातो, त्याला ठळक अक्षरं म्हणजे नुसती ठळक अक्षरं वाटणार. आमच्या घरातल्या कोणीच आजवर पत्रकावर विश्वास ठेवलेला नव्हता. आम्ही ती फक्त वाटायचो.

आई मात्र पत्रकाकडे नाही, त्यांच्या कापण्याकडे बघत होती. "डाक्टरकडनं पुडी आनू काय? का नको?" तिने मला विचारलं. मला, हे महत्त्वाचं. बाबांना नाही.

"नको," मी म्हणाले, आणि तेव्हाही 'पुडी' हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की हा माणूस अजून एक दिवस पुड्या खात घरी बसला तर कदाचित उठणार नाही.

मग मी स्पष्ट बोलायचं तत्त्व सोडलं. "बरं, मुरबाडला जाऊ," मी म्हणाले. "पण गाडीने." कल्याणचा रस्ता मुरबाडवरूनच जातो. आमच्या शेजाऱ्याची इको व्हॅन आहे, तो किन्हवलीहून भाजी नेतो. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मुरबाडात गाडी थांबवायची नाही, काहीही झालं तरी.

"काका मारतील मना," तो म्हणाला.

"मारण्याइतके बरे असले तर आनंदच आहे."

मागच्या सीटवर बाबांचं डोकं आईच्या मांडीवर होतं. बाबांच्या दोन मराठी आहेत. एक घरची, नाय-आमी-तुमीची, आणि दुसरी पत्रकाची, 'सबब' आणि 'सदरहू'वाली. बाहेरच्या कोणासमोर ते दुसरीच बोलतात. सरळगाव येईपर्यंत ते त्या भाषेत भाषणाचे मुद्दे पुटपुटत होते. पुढे मुद्दे घसरले, मग पत्रकाची मराठी गळून पडली, आणि मुरबाड जवळ आलं तेव्हा ते त्यांच्या आईला सांगत होते की पारडू म्हशीखाली सोडू नको. त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हा मी पहिल्यांदा खरी घाबरले.

तहसील कचेरीसमोर आमची माणसं उभी होती. बॅनर, डोक्यावर टोप्या, पाणी मागणाऱ्या बायकांच्या हातात रिकामे हंडे. इको हळू झाली, कारण पुढे गर्दी होती. हंड्यांचा आवाज ऐकून बाबांनी डोळे उघडले.

"थांबव रे."

शेजाऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"चल," मी म्हणाले.

"थांबव म्हंतो ना!"

"चल रे, हॉर्न दे!"

आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा हुकूमशाही आली. आमच्याच धरण्यातून हॉर्न वाजवत आमचीच गाडी निघाली. एका कार्यकर्त्याने बॉनेटवर हात आपटून "दलाल!" अशी शिवी दिली, आत कोण झोपलंय हे न बघता. बाबांनी मूठ वर करायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यातच आईच्या हातात पडली, आणि आईने ती कल्याणपर्यंत सोडली नाही.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रक्तदाब इतका खाली होता की नर्सने दोनदा मोजला. सलाइन लागली, रक्त काढलं, लघवी तपासायला पाठवली. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची असावी, केस कसेतरी बांधलेले, डोळे लाल. तिने मला सरळ सांगितलं. बायोप्सीच्या वाटेने जंतू रक्तात गेलेत. पुढचे काही तास महत्त्वाचे. कुठले जंतू आणि ते कशाने मरतात याचा रिपोर्ट यायला दोनतीन दिवस लागतील, तोवर अंदाजाने इंजेक्शन द्यावं लागेल. आणि अंदाज चुकला तर वेळ जाईल.

"म्हणून विचारते," ती म्हणाली. "गेल्या काही महिन्यांत त्यांनी कुठली अँटिबायोटिक घेतलीय?"

"नाही," मी म्हणाले. "फॉर्मवर लिहिलंय."

त्याच वेळी नर्स बाबांचा सदरा काढत होती. खिशातून चष्मा निघाला, लाल पेन निघालं आणि एक पुडी निघाली. पुडीवर अर्धीच ओळ दिसत होती, 'हक्क आहे'.

डॉक्टरने ती उघडली. आत एक पांढरी लांबट गोळी, एक पिवळी कॅप्सूल.

"हे काय?"

"पुडी," मी म्हणाले. आणि तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला, तेव्हा मला फॉर्मवरची माझी खूण आठवली.

"कसली गोळी आहे ही?"

जिने माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीकडून हातपंपाच्या दांड्यांचा हिशेब मागितलाय, त्या मला माझ्या बापाच्या खिशातली गोळी कसली हे माहीत नव्हतं. आणि ते विचारावं असं कधी वाटलंही नव्हतं.

मी बाहेर जिन्यात येऊन गावच्या डॉक्टरला फोन लावला. त्याने उचलला, मागे मोटारसायकलचा आवाज.

"बोल गो. धरना कसा झाला?"

"काका, बाबा हॉस्पिटलात आहेत. तुम्ही त्यांना पुड्या दिल्या होत्या का?"

मोटारसायकल बंद झाली.

"कुठली पुडी?"

"पांढरी लांबट गोळी. खिशात सापडली. नाव पाहिजे."

"मी काय येकाला देतो काय? ध्यानात नाय."

"काका, रक्तात जंतू गेलेत. कुठलं इंजेक्शन द्यायचं ते तिच्यावर ठरणार आहे."

त्याने गाडी स्टँडवर लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तू लिवशील माझ्यावर."

माझा जीव जळत होता, पण तो चुकीचं बोलत नव्हता. मी लिहिते, पेपरात आणि गावच्या फलकावर. रेशन दुकानदारावर लिहिलंय, वनरक्षकावर लिहिलंय, पुलाच्या ठेकेदारावर लिहिलंय.

"लिहीन," मी म्हणाले. खोटं बोलायला वेळ नव्हता. "पण तुमचं नाव लिहिणार नाही."

"गावाचा?"

"गावाचंही नाही."

"मग लिवून उपेग काय?" तो चिडून म्हणाला, आणि मग एका दमात गोळीचं नाव सांगितलं. पाठोपाठ बाकीचंही बाहेर पडलं. आषाढात खोकला होता तेव्हा पाच दिवस. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या तेव्हा पुन्हा. आणि भाद्रपदापासून अधूनमधून तीच, कारण बाबांना लघवीला जळजळ व्हायची. "घरी सांगू नको म्हनला. मी म्हनलं, दोस्ताचा काम हाय."

म्हणजे बाबांनी तो शब्द कोणाजवळ तरी उच्चारला होता. घरात नाही, दवाखान्यात, बरण्यांच्या साक्षीने.

मी आत पळत गेले आणि नाव सांगितलं. त्या डॉक्टरने डोळे मिटले.

"बायोप्सीच्या आधी आम्ही दिलेली गोळी हीच आहे," ती म्हणाली. "सारखी घेऊन त्यातून वाचलेले जंतू आत राहिले असणार. तिला दाद न देणारे. आम्ही दिली तेव्हा तिचा उपयोगच झाला नसेल." ती फोनकडे वळली आणि मोठ्या डॉक्टरशी बोलली. दुसरं इंजेक्शन आलं.

मग करण्यासारखं काही नव्हतं. आई खाटेशी बसून त्यांचे तळपाय चोळत होती. मी तो फॉर्म मागवून बघितला. 'नाही'च्या चौकोनातली खूण ठसठशीत होती. मला वाटलं होतं त्याहून सुबक.

शुक्रवारी दुपारी ताप उतरायला लागला. रक्तदाब वर आला. शनिवारी बाबांनी वॉर्डबॉयला 'सदरहू' म्हटलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. रविवारी रिपोर्ट आला, त्या लाल डोळ्यांच्या डॉक्टरने मला कागदावर बोट ठेवून दाखवलं. त्या गोळीसमोर लिहिलं होतं, की जंतूंवर तिचा परिणाम नाही. नवीन इंजेक्शनसमोर परिणाम आहे.

मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील, निदान दोस्तावर. ते छताकडे बघत राहिले.

"त्यानं काय मनानं नाय दिली," ते म्हणाले. "मी मागितली."

"आणि नर्सला नाही म्हणालात."

"तिनं पुडी इचारलीच नाय."

"मला तरी सांगायचं!"

"तुला?" त्यांनी मान वळवली. "तू उद्या फलकावर लिवलं आसतंस."

बायोप्सीचा निकाल आठवड्याने आला. कॅन्सर आहे, पण लहान आणि आळशी, असं डॉक्टर म्हणाला. सध्या कापाकापी नाही, नुसती नजर ठेवायची. काही महिन्यांनी रक्त तपासायचं आणि पुढे लागली तर पुन्हा बायोप्सी. 'पुन्हा' ऐकून बाबांनी खुर्चीतली बसण्याची पद्धत बदलली. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वेळी आधीच तपासून गोळी निवडू, सुई घालायची दुसरी वाटही आहे. पण तोवर उगाच अँटिबायोटिक घेऊ नका, आणि घेतली तर नाव लिहून ठेवा.

नाव लिहून ठेवा. आमच्या गावात.

दिवाळीच्या आधी गावचा डॉक्टर घरी आला. पिशवीत सीताफळं. तो दारातच चपला काढून घुटमळला. बाबा ओटीवर उशीला टेकून बसले होते.

"ये रे मारेकऱ्या," बाबा म्हणाले.

"जिता हायेस म्हनून बोलतोयस," तो म्हणाला आणि बसला.

चहा झाला. मग बाबांनी विषय काढला. पुडीवर गोळीचं नाव लिहायचं, प्रत्येक पुडीवर, ही मागणी. त्यांनी ती मागणी म्हणूनच मांडली, एक-दोन-तीन असे मुद्दे करून.

"नाव लिवलं तर लोक मेडिकलात जाऊन तीच गोळी आपली आपण आनतील," डॉक्टर म्हणाला. "ताप आला, घे. डोकं दुखलं, घे. बैलाला बी देतील."

"म्हंजे लोकांना अक्कल नाय?"

"तुझी कुठं गेलती?"

बाबांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"आन् मी गोळी नाय दिली तर लोक म्हंतात डाक्टरला काय येत नाय," डॉक्टर पुढे म्हणाला. "तू सोता म्हनलास. 'नुसतं पानी पी काय सांगतोस, गोळी दे.' म्हनलास का नाय?"

"म्हनलो आसन."

"मग? माज्यावर पत्रक काढ. तुज्यावर पन काढ."

"काढीन! दोगांवर काढीन!" बाबा उशीवरून उठले. गळ्याच्या शिरा फुगल्या, आवाज पार विहिरीपर्यंत गेला असणार. डॉक्टरही उठला. आई भांडी घासता घासता थांबली, राखेचे हात घेऊन दारात आली, आणि कोणाला गप्प करण्याऐवजी चौकटीला टेकून नुसती ऐकत उभी राहिली. हॉस्पिटलातून आल्यापासून पंधरा दिवस बाबा कुजबुजल्यासारखं बोलत होते.

शेवटी तडजोड अशी निघाली. सगळ्यांचं पुढे बघू. निदान बाबांच्या पुड्या लिहायच्या, आखाडापासूनच्या, कल्याणच्या डॉक्टरला दाखवायला. डॉक्टरने पेन घेतलं, पत्रकाची कोरी बाजू मांडीवर ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आखाडात खोकल्याची. पाच दिवस. मग चिखल्यांची..."

"त्याच्या आदी येक," आई दारातून म्हणाली. "लावनी झाली त्याच्या दुसऱ्या दिशी. अंग दुकत व्हता. तीन पुड्या. दोन खाल्ल्या, येक कोनाड्यात ठेवली ती मागनं खाल्ली."

डॉक्टरने लिहिलं.

"नारळी पुनवेला चार दिवस. पिवळी येकच व्हती, पांढऱ्या दोन. गनपतीत नाय घेतली. गौरी गेल्यावर पुन्ना सुरू, जळजळीची."

बाबांनी मान वर केली. "तुला जळजळ म्हाईत व्हती?"

"पुडी खायला पानी कोन देत व्हता?"

"मग सांगितला का नाय तू?" मी जवळजवळ ओरडलेच. "आई, हॉस्पिटलात एवढं विचारत होते!"

"तुमाला इचारला," आई म्हणाली. "तू लिवत व्हतीस, ते बोलत व्हते. मी घरी व्हते. ताप आला तवा बी तुलाच इचारला." मग डॉक्टरकडे वळून म्हणाली, "लिवा, पितरांत दोन दिवस. त्यातली येक मी खाल्ली, दाढ दुकत व्हती."